कर्णधार, सुकाणू आणि गव्हर्नर

जून २०१७ मध्ये महाराष्ट्रातील शेतकऱ्यांनी संप पुकारला. सरकारशी बोलणी करण्यासाठी शेतकरी संघटनांनी जी समिती नेमली, तिला 'सुकाणू समिती' हे नाव मिळाले. वर्तमानपत्रांतून हे नाव रोज छापून येत होते आणि कोणालाही ते खटकले नाही. वास्तविक हे शेतकरी गोदावरीकाठचे, मराठवाड्यातले, आपल्या वऱ्हाडातले. ज्याला सुकाणू असते ते गलबत त्यांच्यापैकी कित्येकांनी जवळून पाहिलेही नसेल.

जळगाव जामोदचेच पाहा. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला पूर्णा. पूर्णेचे पाणी चांगदेवजवळ तापीला मिळते आणि तापीबरोबर सुरतेपाशी समुद्राला जाते. पाणी समुद्रापर्यंत पोहोचते, पण समुद्रावरची माणसे आपल्याकडे क्वचितच येतात. तरीही येथील शाळेच्या क्रिकेट संघाला 'कर्णधार' असतो, संस्थेला 'नियामक मंडळ' असते आणि एखाद्या नव्या उपक्रमाचे 'सुकाणू' कोणाच्या तरी हाती दिले जाते. तिन्ही शब्दांना नावेचा संबंध आहे. इंग्रजीतील 'गव्हर्नर' आणि 'गव्हर्नमेंट' यांचेही मूळ नावेच्या पिछाडीला उभ्या असलेल्या माणसातच सापडते.

निरनिराळ्या भाषांतील लोकांनी राज्य चालवण्याला नाव चालवण्याची उपमा का दिली असेल? ही उपमा देताना नाव खरोखर कशी चालते, याचा आपण कितपत विचार करतो? या दोन प्रश्नांची उत्तरे शोधताना भाषा, इतिहास आणि विज्ञान असे तीनही विषय एकत्र येतात.

बैलगाडी, रथ आणि नाव

नेतृत्वासाठी मराठीत पाण्यावरचेच शब्द आहेत असे नाही. आपण 'संस्थेची धुरा सांभाळणे' असे म्हणतो. वऱ्हाडात धुरा म्हटले की शेताचा बांध आठवतो, परंतु ही धुरा वेगळी. संस्कृतमध्ये 'धुर्' म्हणजे जू किंवा जुवाचा भार. तो वाहणारा तो धुरीण किंवा धुरंधर. म्हणजे या उपमेत पुढारी हा गाडी ओढणारा बैल आहे. 'सत्तेचा लगाम' म्हणताना पुढारी घोडेस्वार होतो आणि जनता घोडा. 'सूत्रे हाती घेणे' म्हणताना त्याच्या हातात दोऱ्या येतात. 'कप्तान' हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांकडून आला. त्याच्या मुळाशी लॅटिन भाषेतील 'कापुत' म्हणजे डोके हा शब्द आहे. त्या उपमेत पुढारी म्हणजे संघाचे शीर.

प्रत्येक उपमा पुढाऱ्याला वेगळ्या जागी उभे करते. बैल पुढे असतो, स्वार वर असतो, डोके सर्वांत उंचावर असते. सुकाणू धरणारा मात्र सर्वांच्या मागे असतो आणि तो काहीही ओढत नाही. नाव पुढे जाते ती वाऱ्याच्या, वल्ह्यांच्या किंवा इंजिनाच्या जोरावर. त्याचे काम फक्त दिशा राखण्याचे.

नावेचा कान

'कर्णधार' या शब्दाची फोड विद्यार्थ्यांना सहज करता येते. कर्ण म्हणजे कान आणि धार म्हणजे धरणारा. पण कोणाचा कान? संस्कृतमध्ये 'कर्ण' या शब्दाचा एक अर्थ नावेचे सुकाणू असाही आहे. प्राचीन नावांना आजच्यासारखे मधोमध बसवलेले सुकाणू नव्हते. पिछाडीच्या एका किंवा दोन्ही बाजूंना मोठे वल्हे टांगलेले असे व ते फिरवून नाव वळवली जाई. डोक्याच्या दोन बाजूंना कान असावेत, तशी ही वल्ही दिसत. त्यावरूनच हे नाव पडले असावे असे मानणे सयुक्तिक ठरते.

याचा पुरावा पाहण्यासाठी समुद्रकिनारी जाण्याची गरज नाही. बुलढाणा शहर ज्या अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसले आहे, त्याच रांगेत अजिंठ्याची लेणी आहेत. दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याची कथा रंगवली आहे. हा पूर्ण शूर्पारकाचा, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याजवळील सोपाऱ्याचा. या चित्रात तीन डोलकाठ्यांचे एक जहाज आहे. त्याच्या पिछाडीच्या बाजूंना सुकाणूची वल्ही लटकताना दिसतात आणि पुढच्या भागावर डोळे रंगवलेले आहेत. पुढे डोळे, मागे कान! इसवी सनाच्या पाचव्या शतकातील चित्रकाराने समुद्रापासून इतक्या दूर, डोंगराच्या पोटात हे बारकावे टिपून ठेवले. प्राचीन भारतीय नौकानयनाचा अभ्यास करणाऱ्यांना या चित्राचा आधार घ्यावाच लागतो.

कर्णधार हा शब्द नेत्यासाठी उपमा म्हणून फार पूर्वीच रूढ झाला. महाभारताच्या द्रोणपर्वात भीष्म पडल्यावर दुर्योधन कर्णाला म्हणतो की, सेनापतीवाचून सेना म्हणजे कर्णधारावाचून नाव आणि सारथ्यावाचून रथ. (येथे ऐकणाऱ्याचे नाव कर्ण असणे हा निव्वळ योगायोग समजावा.) हितोपदेशातही योग्य राजा नसेल तर प्रजेची गत समुद्रातील कर्णधारहीन नावेसारखी होते, असा विचार आला आहे. आज क्रिकेटच्या बातमीत हा शब्द वाचताना त्यातली नाव कोणाच्या डोळ्यांसमोर येत नाही. १९७१ साली वेस्ट इंडीज आणि इंग्लंड येथे मालिका जिंकणाऱ्या संघाचे कर्णधार अजित वाडेकर होते, हे वाक्य आपण ओठांवर सहज घेतो, पण त्यात एक वल्हे दडले आहे.

'नियामक' या शब्दाबाबत मात्र सावधगिरी हवी. अमरकोशात कर्णधार, नाविक, पोतवाह यांच्या शेजारीच नियामक हा शब्द जहाज चालवणाऱ्यासाठी दिला आहे. परंतु त्याच्या मुळाशी 'यम्' म्हणजे ताब्यात ठेवणे हा धातू आहे. आजचे नियामक मंडळ किंवा विद्युत नियामक आयोग हे शब्द थेट त्या धातूवरून घडवलेले आहेत, नावेवरून नव्हेत. दोन शब्द सारखे दिसले म्हणजे एक दुसऱ्यापासून निघाला असे होत नाही. भाषेच्या अभ्यासातही विज्ञानातल्याप्रमाणे साम्य आणि कार्यकारणभाव यांत फरक करावा लागतो.

सुकाणू आले कोठून?

'सुकाणू' हा शब्द संस्कृत नाही. अरबी भाषेत सुकाणूला 'सुक्कान' म्हणतात. अरबी समुद्रावरील व्यापाराबरोबर हा शब्द पश्चिम किनाऱ्यावर उतरला आणि मराठीत सुकाणू, गुजरातीत सुकान झाला. सुकाणू धरणारा खलाशी तो 'सुक्कानी'. गुजराती वर्तमानपत्रे आजही क्रिकेट संघाच्या कर्णधाराला 'सुकानी' म्हणतात. महाराष्ट्राने संस्कृत शब्द घेतला, गुजरातने अरबी. काम मात्र एकच.

शब्दाबरोबर वस्तूही बदलत होती. बाजूच्या वल्ह्याऐवजी पिछाडीला मधोमध सुकाणू बसवण्याची कल्पना चीनमध्ये जुनी आहे. ग्वांगचौ येथील हान काळातील एका थडग्यात मातीचे लहानसे जहाज सापडले, त्याला असे सुकाणू आहे. अरबी हस्तलिखितांत अल-वासिती या चित्रकाराने १२३७ साली काढलेल्या जहाजाला पिछाडीचे सुकाणू स्पष्ट दिसते. युरोपात बाल्टिक किनाऱ्यावरील एल्बिंग शहराच्या १२४२ च्या मुद्रेवर बिजागरीवर फिरणारे सुकाणू कोरलेले आहे. मोठ्या जहाजाच्या बाजूला टांगलेले वल्हे लाटांच्या मारात टिकणे कठीण. मधोमध बसवलेले, बिजागरीचा आधार असलेले सुकाणू मोठे करता येते. लांब पल्ल्याच्या समुद्रप्रवासात त्याचा वाटा मोठा होता.

शब्दांचा प्रवास समुद्रावरून जमिनीकडेच झाला असे मात्र नाही. मराठी आरमारातील हुद्दे पाहा. 'सारंग' हा शब्द फारसी 'सरहंग' म्हणजे सेनेतील नायक यावरून आला. शिवकालीन आरमारात 'दर्यासारंग' हा किताब होता. कान्होजी आंग्रे यांचा 'सरखेल' हा किताबही मूळचा जमिनीवरचा, 'खेल' म्हणजे घोडेस्वारांचा जथा. 'नाखवा' मात्र पाण्यावरचाच. फारसी 'नाखुदा' म्हणजे नावेचा धनी. राज्य नावेकडून शब्द उसने घेते आणि नाव राज्याकडून. दोन्ही ठिकाणी अनेक माणसे, एकच वाहन आणि चुकल्यास सर्वांवर सारखेच संकट अशी स्थिती असल्याने हे देणेघेणे सोपे होत असावे.

ग्रीक नावाड्याचे वंशज

ग्रीक भाषेत नाव चालवणाऱ्याला 'कुबर्नेतेस' म्हणत. रोमन लोकांनी हा शब्द घेतला, तो 'गुबर्नातोर' झाला. फ्रेंचमधून तो इंग्रजीत 'गव्हर्नर' म्हणून पोहोचला. मूळ नाव विसरली गेली आणि फक्त सत्ता उरली.

इंग्रजीतील इतर शब्दही असेच आहेत. 'हेल्म' म्हणजे मुळात सुकाणूचा दांडा. संस्थेच्या प्रमुखपदी असणे यासाठी आज तो सर्रास वापरतात. 'स्टारबोर्ड' म्हणजे जहाजाची उजवी बाजू. ज्या बाजूला वळवण्याचे वल्हे असे ती बाजू, असा त्याचा मूळ अर्थ. मोटारीचे 'स्टिअरिंग' त्याच कुळातले. त्याच कुळातील 'स्त्योर्न' हा शब्द आइसलँडच्या भाषेत सरकार या अर्थाने चालतो. 'पायलट' या शब्दाच्या मुळाशीही ग्रीक वल्हेच आहे. 'पायलट प्रोजेक्ट'ला मराठीत 'पथदर्शी प्रकल्प' म्हणतात, तेव्हा वाट दाखवणे हा अर्थ नेमका टिकून राहतो.

अठराव्या शतकाच्या अखेरीस गव्हर्नर हा शब्द एका यंत्राला मिळाला. १७८८ साली जेम्स वॉट याने आपल्या वाफेच्या इंजिनाला दोन गोळ्यांचे एक साधन जोडले. पवनचक्क्यांत अशी साधने आधीपासून होती. इंजिनाचा वेग वाढला की फिरणारे गोळे बाहेर फाकत आणि वाफेची झडप थोडी मिटत जाई. वेग कमी झाला की गोळे आत येत आणि झडप उघडे. इंजिन स्वतःचा वेग स्वतःच सावरू लागले. एका यंत्राची निष्पत्ती पुन्हा त्याच यंत्राच्या नियंत्रणासाठी वापरणे याला फीडबॅक म्हणतात. मराठीत त्यासाठी प्रत्याभरण असा शब्द आहे.

काही गव्हर्नर मात्र वेग सावरण्याऐवजी बिघडवत. इंजिन कधी भरधाव तर कधी मंद, असे हेलकावे सुरू होत. हे का घडते, याचे गणित जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६८ साली 'ऑन गव्हर्नर्स' या निबंधात मांडले. पुढे १९४८ साली नॉर्बर्ट वीनर यांनी यंत्र आणि सजीव यांतील नियंत्रणाच्या शास्त्राला 'सायबरनेटिक्स' हे नाव दिले. मॅक्सवेल यांच्या निबंधाची आठवण ठेवून त्यांनी मुद्दाम मूळ ग्रीक नावाड्याकडे धाव घेतली. त्याच्या कितीतरी आधी, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, अँपिअर यांनी राज्यकारभाराच्या शास्त्राला याच ग्रीक शब्दावरून नाव सुचवले होते. विद्युतप्रवाहाच्या एककाला ज्यांचे नाव आहे तेच हे शास्त्रज्ञ.

सायबरनेटिक्सचे पहिले तुकडे तोडून 'सायबर' हा उपसर्ग तयार झाला. आज जिल्ह्याच्या ठिकाणी जे सायबर पोलीस ठाणे असते, त्याच्या पाटीवर एक ग्रीक नावाडी उभा आहे. 'गव्हर्नर' आणि 'सायबर' ही एकाच शब्दाची दोन भावंडे, वेगवेगळ्या वाटांनी आलेली.

सुकाणू नेमके काय करते?

आता प्रत्यक्ष नावेकडे वळू. सुकाणू म्हणजे पाण्यात बुडलेली एक उभी फळी. मोठ्या मालवाहू जहाजात तिचे क्षेत्रफळ जहाजाची लांबी व बुडालेली खोली यांच्या गुणाकाराच्या साधारण दीड ते दोन टक्केच असते. एवढीशी फळी एवढे मोठे धूड कसे वळवते?

फळी डावीकडे वळवली की मागे वाहत जाणारे पाणी तिच्यावर आपटते व पिछाडीला उजवीकडे ढकलते. पिछाडी उजवीकडे गेली की जहाजाचे नाळेकडचे टोक डावीकडे वळते. हा रेटा पाण्याच्या सापेक्ष वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. वेग निम्मा झाला तर रेटा चौथाई होतो. वेग शून्य झाला तर सुकाणू कितीही फिरवा, जहाज वळत नाही. थांबलेल्या सायकलीचे हँडल फिरवून कोणी गावाला जात नाही, तसेच हे.

सुकाणूचा दांडा ज्या बाजूला ढकलावा त्याच्या उलट बाजूला जहाज वळते, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. जहाजांवर चक्र आल्यानंतरही ब्रिटिश जहाजांवरील हुकूम जुन्या दांड्याच्या दिशेनेच दिले जात. १९१२ साली टायटॅनिक हिमनगासमोर आले तेव्हा हुकूम 'स्टारबोर्ड' म्हणजे उजवीकडे असा होता, आणि त्याचा अर्थ जहाज डावीकडे वळवा असा होता. ही पद्धत १९३० च्या दशकात बदलली. वस्तू बदलली तरी शब्द आपली जुनी चाल लवकर सोडत नाहीत.

मोठ्या जहाजाला जडत्व फार. सुकाणू फिरवल्यावर ते लगेच वळत नाही आणि वळू लागले की लगेच थांबत नाही. नवशिका माणूस जहाज वळत नाही असे पाहून सुकाणू आणखी फिरवतो. मग जहाज प्रमाणाबाहेर वळते. घाबरून तो उलट फिरवतो आणि जहाज नागमोडी जाऊ लागते. मॅक्सवेल यांनी अभ्यासलेले हेलकावे ते हेच.

अनुभवी सुकाणूधारक काय करतो, याचे गणिती विश्लेषण निकोलाय मिनॉर्स्की यांनी १९२२ साली प्रसिद्ध केले. अमेरिकन आरमारातील 'न्यू मेक्सिको' या युद्धनौकेवर त्यांच्या पद्धतीच्या चाचण्या झाल्या. कुशल माणूस तीन गोष्टींचा एकदम विचार करतो. पहिली, जहाज ठरल्या दिशेपासून आत्ता किती ढळले आहे. दुसरी, हे ढळणे किती काळ साचत आले आहे. एका बाजूने सतत वारा असेल तर थोडीथोडी चूक साठत जाते आणि तेवढे सुकाणू कायम वळवून धरावे लागते. तिसरी, चूक किती वेगाने वाढते वा घटते आहे; जहाज योग्य दिशेला येऊ लागले की पोहोचण्यापूर्वीच तो सुकाणू सैल करतो. वर्तमान, भूतकाळ आणि येऊ घातलेला भविष्यकाळ यांचा हा मेळ. आज कारखान्यांतील भट्ट्यांचे तापमान राखणाऱ्या नियंत्रकांपासून उडत्या ड्रोनपर्यंत असंख्य यंत्रे याच तीन पदांच्या सूत्रावर चालतात.

याचा अर्थ असा की, नाव सरळ जाते ती सुकाणू घट्ट धरल्यामुळे नव्हे. ती सतत थोडी चुकते आणि सतत थोडी सुधारली जाते. 'खंबीर हाती सुकाणू' असे आपण कौतुकाने म्हणतो. परंतु केवळ खंबीर असलेला, म्हणजे पाण्याचा आणि वाऱ्याचा निरोप न ऐकणारा हात नाव खडकावर नेईल.

जहाजावर हुकूम कोणाचा?

उपमेत आणखी एक गफलत दडलेली आहे. आपण कर्णधार म्हणतो तेव्हा हुकूम देणारा, वाट जाणणारा आणि सुकाणू धरणारा हे एकच असल्याचे गृहीत धरतो. प्रत्यक्ष जहाजावर ही कामे निरनिराळ्या माणसांकडे होती.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नावध्यक्षाच्या प्रकरणात मोठ्या नद्यांवरील मोठ्या नावांवर कोण असावे हे सांगितले आहे. शासक, निर्यामक, विळा व दोर धरणारे आणि नावेत शिरलेले पाणी उपसणारे. शासक वेगळा आणि नाव चालवणारा निर्यामक वेगळा. पाणी उपसणाऱ्यालाही या यादीत जागा आहे हे विशेष.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने लिहिलेल्या 'आईन-ए-अकबरी'त, ज्या ग्रंथात आपल्या वऱ्हाड सुभ्याचेही वर्णन आहे, जहाजावरील माणसांची यादी अधिक तपशिलाने दिली आहे. नाखुदा हा जहाजाचा धनी, जहाज कोठे न्यायचे ते तो ठरवतो. समुद्राची खोली, उथळ जागा आणि आकाशातील ग्रहतारे जाणून जहाज सुखरूप पोहोचवणारा तो 'मुअल्लिम'. डोलकाठीवरून नजर ठेवून किनारा, दुसरे जहाज किंवा येणारे वादळ यांची वर्दी देणारा तो 'पंजरी'. आणि सुकाणू धरणारा 'सुक्कानगीर' मुअल्लिमच्या सांगण्याप्रमाणे जहाज वळवतो. काही जहाजांवर असे सुकाणूधारक अनेक असत, पण विसापेक्षा जास्त नसत.

'मुअल्लिम' या अरबी शब्दाचा साधा अर्थ शिक्षक असा आहे. कच्छ-काठेवाडच्या किनाऱ्यावर तो 'मालम' झाला. हॉलंडला जाऊन तेथील कारागिरी शिकून आलेल्या आणि भूजचा आईना महाल उभारणाऱ्या रामसिंग मालमच्या नावात तो आजही दिसतो. ज्या जहाजावर माल धन्याचा आणि हात खलाशाचा, तेथे ज्ञान ज्याचे त्याला लोक शिक्षक म्हणत.

सुप्पारक जातक ही पाली कथा याच संदर्भात वर्गात सांगण्याजोगी आहे. भडोचचा सुप्पारक हा निष्णात निर्यामक खाऱ्या पाण्यामुळे आंधळा होतो. तरी व्यापारी त्याला आग्रहाने जहाजावर नेतात. वादळात भरकटल्यावर व्यापारी समुद्रात काय दिसते ते त्याला सांगत जातात आणि त्यावरून हा कोणता समुद्र ते तो ओळखतो. डोळे प्रवाशांचे, ज्ञान सुप्पारकाचे. प्रवाशांनी खरे सांगितले नसते किंवा त्याने ऐकले नसते तर दोघेही बुडाले असते.

उपमा कोठे थांबते?

प्लेटोने आपल्या 'रिपब्लिक' या ग्रंथाच्या सहाव्या भागात राज्याला जहाजाची उपमा दिली आहे. जहाजाचा धनी धिप्पाड आहे, पण त्याला जरा कमी ऐकू येते आणि दृष्टीही अधू आहे. खलाशी सुकाणूसाठी भांडतात. ज्याला खरोखर आकाश आणि वारे समजतात त्याला ते आकाशाकडे पाहणारा बडबड्या म्हणून हिणवतात. प्लेटोला यातून लोकशाहीचे वाभाडे काढायचे होते. जाणकाराच्या हाती सुकाणू द्यावे, इतरांनी मुकाट बसावे, असा त्याचा रोख होता.

येथेच या उपमेची परीक्षा होते. जहाज कसे न्यावे हे जाणकाराने सांगावे हे खरे. पण ते कोठे न्यावे, हे ठरवण्याचा अधिकार जाणकार असल्यामुळे मिळत नाही. लोकशाहीत मतदार हा नाखुदा आहे. तो प्रवासीही आहे आणि पंजरीही आहे. पुढे खडक दिसला तर ओरडून सांगणे हे त्याचे काम आहे. आपण कर्णधाराच्या उपमेत ही सर्व माणसे पुसून टाकतो आणि चित्रात एकटा खंबीर पुरुष उरतो. असे चित्र मनावर ठसलेली मुले अठराव्या वर्षी मतदानाला जातात, म्हणून शब्दाचा अर्थ नीट शिकवणे ही केवळ भाषेच्या तासाची बाब राहत नाही. कोणीही सुकाणू मागू लागला तर विद्यार्थ्याला तीन प्रश्न विचारता आले पाहिजेत. कोठे जायचे हे कोणी ठरवले? वाट कोणाला माहीत आहे? आणि नाव चुकू लागली तर सांगणाऱ्याचे कोण ऐकणार आहे?

वर्गात करून पाहण्यासाठी

समुद्र नसला तरी सुकाणूचा प्रयोग शाळेच्या मैदानावर करता येतो. फक्कीने वीसेक पावले लांबीची एक हलकी वळणदार रेघ आखा. एका विद्यार्थ्याच्या डोळ्यांवर रुमाल बांधून त्याला रेघेवर संथपणे चालायला सांगा. दुसरा विद्यार्थी बाजूने चालत फक्त 'डावीकडे' किंवा 'उजवीकडे' एवढेच सांगेल. तो रेघेवरून किती वेळा घसरला ते इतरांनी मोजावे.

दुसऱ्या फेरीत एकच बदल करा. सूचना देणाऱ्याने चूक दिसल्यावर मनात एक, दोन, तीन मोजून मगच सांगायचे. पहिल्या फेरीतील आणि या फेरीतील मोजणी शेजारी शेजारी लिहा. चालणारा नागमोडी जाऊ लागला तर निरोप पोहोचण्यातील उशिराने काय होते हे मुलांना आपोआप समजेल. तिसऱ्या फेरीत दोघांनी एकमेकांच्या सूचना देऊ लागावे आणि एकाने मुद्दाम चुकीची दिशा सांगावी. चौथ्या फेरीत चालणाऱ्याला एका जागी उभे करून सूचना द्या. तो जागचा हलत नसेल तर 'डावीकडे' आणि 'उजवीकडे' यांना काही अर्थ उरतो का, हे मुलांना विचारा.

प्रयोग झाल्यावर फळ्यावर 'कर्णधार' हा शब्द लिहून त्याची फोड करायला सांगा. कान या शब्दाचा नावेशी काय संबंध, हे अजिंठ्याच्या चित्रावरून दाखवता येईल. इयत्ता नववी-दहावीची मुले असतील तर वॉटच्या गव्हर्नरची आकृती काढून घ्यावी आणि त्यात सुकाणूधारकाचा डोळा कोठे, हात कोठे, हे ओळखायला सांगावे. शेवटी मुलांना वर्तमानपत्रातील एका आठवड्याच्या बातम्यांतून सुकाणू, धुरा, लगाम, सूत्रे आणि कर्णधार हे शब्द गोळा करून आणायला लावावेत. कोणत्या बातमीत पुढारी बैल आहे, कोणत्या बातमीत स्वार आहे आणि कोणत्या बातमीत नावाडी आहे याची यादी वर्गाच्या भिंतीवर लावली, तर ती पुढची निवडणूक येईपर्यंत उपयोगी पडेल.